बुटाला आरशासारखी चमक: घरच्या घरी, टप्प्याटप्प्यानं

परेडच्या किंवा लग्नाच्या आदल्या रात्री दहाच्या सुमारास आमच्या दारात कुणीतरी बूट घेऊन उभं असतंच. कधी भाच्याचा मित्र, कधी पोलीस भरतीची तयारी करणारा शेजारचा मुलगा, एकदा तर खुद्द नवरदेव. बुटाच्या टोकावर पॉलिशचा जाड लेप, बोट लावलं की चिकटणारा. ट्यूबलाइटखाली धरला तर चमकेच्या जागी धुरकट पट्टे. "काका, दोन तास घासतोय, येतच नाही." आणि मग माझं पहिलं काम असतं ते त्यानं दोन तास घासलेलं सगळं पुसून काढण्याचं.

त्या मुलांची मेहनत कमी पडत नाही. चुकतो तो क्रम. मळक्या बुटावर पॉलिश चढतं, पॉलिश गरजेच्या चौपट लागतं आणि एक थर सुकायच्या आत दुसरा बसतो. त्यात आपलं सोलापूर. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर, वर्षातले बहुतेक महिने धूळ आणि बोअरचं जड पाणी. थंड गावात चालणारी रीत इथे जशीच्या तशी चालत नाही. म्हणून इथल्या हवेत जमते ती पद्धत पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहितोय.

एक गोष्ट आधी समजून घ्या, मग पुढचं सगळं सोपं जाईल. चामडं कितीही गुळगुळीत दिसलं तरी त्याला बारीक छिद्रं आणि चढउतार असतात. त्यावर पडलेला उजेड चहूकडे विखुरतो, म्हणून नुसत्या ब्रशनं येते ती मंद चमक. आरशासारखी चमक हवी असेल तर ती छिद्रं मेणानं भरून पृष्ठभाग सपाट करावा लागतो. पॉलिशच्या डबीत असतं ते मेणच, टर्पेंटाईनसारख्या उडून जाणाऱ्या द्रवात मऊ केलेलं. द्रव उडाला की मेण घट्ट होतं. घट्ट झालेल्या थरावर पुढचा पातळ थर बसतो. पाण्याचा थेंब मध्ये असतो तो फडक्याला मेण चिकटून निघून येऊ नये म्हणून. बाकी सगळं याच्यातूनच येतं.

## आधी बूट ओळखा

सगळे बूट चमकत नाहीत. तासभर घालवण्याआधी दोन मिनिटं तपासणीला द्या.

बुटाची जीभ उलटी करून तिची कापलेली कड पाहा. तंतू दिसले तर चामडं, खाली कापडाचं अस्तर आणि वर प्लास्टिकसारखा पापुद्रा दिसला तर रेक्झिन. जिभेच्या आतल्या बाजूला पाण्याचा एक थेंब ठेवा. चामड्यावर तो हळूहळू मुरतो, जागा गडद होते. रेक्झिनवर थेंब तसाच बसून राहतो.

रेक्झिनवर मेण धरत नाही. चार थर कसेबसे बसतात आणि पहिल्याच दिवशी पापुद्रे सुटतात. असा बूट ओल्या फडक्यानं पुसा, तेवढं पुरे. शाळेचे बरेचसे काळे बूट याच जातीचे असतात, तेव्हा मुलाच्या बुटावर रात्र घालवू नका. पेटंट लेदर, म्हणजे दुकानातूनच काचेसारखा चकचकीत आलेला बूट, त्यालाही मेण लावायचं नाही. स्वेड म्हणजे मखमली लवेचा बूट असेल तर पॉलिशची डबी त्याच्या जवळसुद्धा नेऊ नका. लव एकदा मेणानं बसली की परत उठत नाही.

दाणेदार, खडबडीत चामडं चमकतं, पण खूप वेळ मागतं. गुळगुळीत चामड्याला दहा-बारा थर लागत असतील तर दाणेदाराला वीस. पहिलाच प्रयत्न असेल तर गुळगुळीत, साध्या काळ्या बुटावर करा.

## सामान: काय घ्यायचं, काय घरात आणायचंच नाही

चपटी डबी. वॅक्स पॉलिश गोल चपट्या डबीत येतं आणि या कामाला तेच लागतं. बाटलीला स्पंज लावलेलं लिक्विड पॉलिश घेऊ नका. मला एका दुकानदारानं सुरुवातीला तेच गळ्यात मारलं होतं, "एकच आहे हो, उलट सोपं." लिक्विड लावताक्षणी चमकतं, कारण त्याचा एक पातळ पापुद्रा चामड्यावर बसतो. चार-सहा वेळा लावलं की पायाच्या घडीवर तो पापुद्रा तडकतो, आणि त्याच्यावर मेणही नीट धरत नाही. आमच्याकडे येणाऱ्या बुटांपैकी पुसायला सगळ्यात त्रास देतात ते लिक्विडवालेच.

क्रीम पॉलिश. हे चामड्याचं खाणं समजा. ते चामड्यात मुरतं आणि चामडं मऊ ठेवतं. चमक वॅक्सनं येते, पण कोरड्या चामड्यावर बसलेलं वॅक्स लवकर तडकतं.

दोन ब्रश. एक धुळीसाठी, एक लांब मऊ केसांचा चमकेसाठी. घोड्याच्या केसांचा मिळाला तर उत्तम. काळ्याचा ब्रश तपकिरी बुटाला लावायचा नाही. एकदा लावलात तर तो बूट कायमचा मळकट दिसतो.

फडकं. इथे सोलापूरकर हटकून चुकतो. आपल्या प्रत्येक घरात टेरी टॉवेल असतो, जुना झाला की तो पुसायला निघतो, आणि बूट पॉलिशलाही तोच हाती येतो. टॉवेलचे ते उभे फासे पाणी टिपायला असतात. तेच फासे मेणाच्या मऊ थरावर बारीक चरे ओढतात. टॉवेल बुटाखाली अंथरा, धूळ पुसा, हात पुसा. चमक काढायला हवं जुनं, शंभरदा धुतलेलं, गुळगुळीत सुती कापड: बनियनची पाठ, मलमल, आजोबांचं विरलेलं धोतर. धोतराला तर तोड नाही. शिवण, छापील अक्षरं आणि लेबल असलेला भाग कापून टाका.

पाणी. बोअरचं पाणी नको. कूलरच्या जाळीवर जो पांढरा थर साचतो तो बघितलाय ना? तेच क्षार बुटावर थेंबाथेंबानं सुकतात आणि काळ्या टोकावर पांढरे ठिपके उमटतात. पिण्याच्या आरओचं पाणी घ्या. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी स्वच्छ भांड्यात धरलं तर आणखी चांगलं, त्यात क्षार जवळपास नसतातच. लागतं किती, तर डबीचं झाकण भरून.

याशिवाय जुना टूथब्रश आणि चार-पाच वर्तमानपत्रं.

सावधान: खोबरेल तेल लावू नका. तात्पुरती लकाकी येते, पण चामडं तेल पिऊन काळवंडतं, धूळ ओढतं आणि त्यावर मेण बसत नाही. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यांनी चामड्याचा रंगच उतरतो. आणि डबीतलं पॉलिश लायटरनं पेटवून मऊ करायचा जो प्रकार मुलं करतात तो आजपासून बंद. ते मिश्रण भडकून पेटतं आणि गरम मेण कातडीला चिकटून भाजतं.

## जागा आणि वेळ

एप्रिल-मे महिन्यात हे काम पहाटे किंवा रात्री करा. भर दुपारी पत्र्याखाली किंवा गच्चीच्या खोलीत मेण घट्ट व्हायला तयारच होत नाही, बोटाखाली लोण्यासारखं सरकत राहतं. फरशीवर बसा, शहाबादी फरशी असेल तर बूट त्याच फरशीवर ठेवा, ती गार असते. डबी अर्धा तास माठाच्या बुडाशी ठेवली तर पॉलिश योग्य घट्टपणाला येतं. पाणीही माठातलंच घेतो म्हणाल तर माठात आरओचं पाणी असेल तरच घ्या. गार पाण्यानं मेण पटकन बसतं, एवढाच मुद्दा आहे.

पंखा बंद. ही अट कुणाला आवडत नाही, पण फिरत्या पंख्याखाली खोलीतली सगळी धूळ ओल्या मेणावर येऊन बसते. एक कण फडक्याखाली सापडला की गोल गोल फिरून चरा काढतो, आणि तो चरा भरायला पुढचे तीन थर जातात. अंगणात, रस्त्याकडेच्या ओट्यावर बसून हे काम करू नका.

पहिल्या जोडीला दोन टप्प्यांत वेळ द्या: आदल्या रात्री अर्धा तास, दुसऱ्या दिवशी दीड तास. हात बसला की दीडाचा पाऊण होतो. उद्या सकाळी परेड आणि आज रात्री सुरुवात, असं असेल तर नुसता ब्रश मारून स्वच्छ बूट घालून जा. अर्धवट आरशापेक्षा तो कितीतरी नीटनेटका दिसतो.

## टप्पा १: लेस काढा, बूट भरा, झाडा

लेस पूर्ण काढा. लेस ठेवून काम केलं की जिभेवर पॉलिश साचतं आणि पॅन्टला लागतं.

वर्तमानपत्राचे बोळे टोकापर्यंत घट्ट ठासा. बूट आतून भरलेला नसेल तर बोटाच्या दाबानं चामडं आत दबतं आणि वर बसलेला थर तडकतो. पण इतकंही ठासू नका की बुटाचा आकार फुगेल.

आता कोरड्या ब्रशनं झाडा. सोल जिथे वरच्या चामड्याला शिवलेला असतो, त्या खाचेत टूथब्रश फिरवा. आपल्याकडची बारीक धूळ तिथेच दडून बसते आणि नंतर फडक्याला लागून टोकावर येते. त्यानंतर किंचित ओलं फडकं एकदा फिरवून दहा मिनिटं सुकू द्या.

तपासा: पांढरं स्वच्छ फडकं बुटावरून ओढा. मातकट रेघ आली तर परत झाडा.

## टप्पा २: जुना थर काढा

नवीन बूट असेल तर हा टप्पा ओलांडा. घरातला वापरातला बूट असेल तर टाळू नका. जुन्या, धूळ मिसळलेल्या मेणावर नवा आरसा उभा राहत नाही.

सोपा उपाय डबीतच आहे. नव्या मऊ पॉलिशचा थोडा जास्त लेप जुन्या थरावर चोळा आणि लगेच, सुकू न देता, स्वच्छ फडक्यानं जोर लावून पुसा. नव्यातला द्रव जुनं मेण विरघळवतो आणि दोन्ही मिळून फडक्यावर येतात. दोन-तीनदा केलं की बहुतेक बूट साफ होतात.

थर फारच जाड असेल, किंवा खाली लिक्विडचा पापुद्रा असेल, तर रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाईन फडक्याला अगदी ओलसर लागेल इतकंच घ्या. आधी जिभेखालच्या न दिसणाऱ्या जागी लावून पाहा. फडक्यावर मेणाचा मळ आला तर ठीक, बुटाचा मूळ रंग उतरू लागला तर थांबा. खिडक्या उघड्या ठेवा, देवघरातली निरांजन आणि गॅस दोन्ही विझलेले असू द्या. टर्पेंटाईननं चामडं कोरडं पडतं, म्हणून पुढचा टप्पा त्याच रात्री झालाच पाहिजे.

## टप्पा ३: क्रीम, आणि रात्रभर विसावा

वाटाण्याएवढं क्रीम एका बुटाला पुरतं. फडक्यानं किंवा सरळ बोटानं सगळीकडे पातळ पसरा: टोक, बाजू, टाच, जीभ. पायाच्या घडीवर थोडं जास्त, कारण तिथलं चामडं रोज दुमडतं. पंधरा-वीस मिनिटांनी लांब केसांच्या ब्रशनं भरभर घासा. मग बूट घरातच, सावलीत, रात्रभर ठेवा.

सावधान: लवकर सुकावं म्हणून उन्हात ठेवू नका. माझ्या भाच्यानं मे महिन्यात भिजलेले बूट दुपारभर गच्चीवर ठेवले होते. संध्याकाळी आणले तेव्हा घडीच्या जागी केसासारख्या भेगा पडल्या होत्या आणि एका बाजूचा सोल कडेला उकलला होता. बूट वर्षभराचाही नव्हता. भेग पडलेलं चामडं कशानंही सांधत नाही, क्रीमनंही नाही. हेअर ड्रायरचंही तेच.

## टप्पा ४: संपूर्ण बुटाला एक वॅक्सचा हात

दुसऱ्या दिवशी आधी ब्रश. मग वॅक्सचा एक पातळ थर पूर्ण बुटाला, दहा मिनिटं थांबून परत ब्रश. इथे मनगट सैल ठेवून लांब, जलद फटकारे मारा. घर्षणाची ऊब मेण पसरवते.

आता बूट नीटनेटका, मंद चमकणारा दिसेल. ऑफिसला जाणाऱ्याचं काम इथे संपलं. ज्याला आरसा हवा त्यानं पुढे यावं.

## टप्पा ५: कुठे आरसा करायचा, आणि कोरडे थर

आरसा फक्त दोन जागी करायचा: पुढचं टोक आणि टाचेची मागची बाजू. या दोन्ही जागी आतून कडक अस्तर असतं, चालताना त्या दुमडत नाहीत. मधला भाग प्रत्येक पावलाला दुमडतो. तिथे जाड मेण बसवलं तर दहा पावलांत पांढरट तडे दिसतात. बूट घालून एकदा टाचा उचला आणि घडी कुठे पडते ते नजरेत ठेवा. आरसा त्या घडीच्या बोटभर अलीकडे संपला पाहिजे.

फडकं गुंडाळायची रीत महत्त्वाची आहे. तर्जनी आणि मधलं बोट जोडून त्यावर कापडाचा एकेरी पदर ताणा, उरलेलं कापड मागे पिळून मुठीत धरा. बोटांच्या टोकावर एकही सुरकुती नको. सुरकुती राहिली की ती मेणावर रेघ ओढते. कापड सैल पडलं की थांबून परत ताणा.

पॉलिशला फडकं नुसतं टेकवा, खरवडू नका. फडक्यावर रंगाचा डाग दिसला म्हणजे पुरे. टोकावर रुपयाच्या नाण्याएवढ्या गोल हालचालीत चोळा, पाणी अजून नाही. पाच-सात मिनिटं थांबा. दुसरा बूट घ्या, तोवर पहिला घट्ट होतो. असे तीन-चार कोरडे थर.

इथं बूट मंद होतो, आधीपेक्षा वाईट दिसतो. बहुतेक जण याच ठिकाणी घाबरून आणखी पॉलिश थापतात किंवा सोडून देतात. हा धुरकटपणा यायलाच हवा. छिद्रं भरत असल्याची ती खूण आहे.

तपासा: बोटाची पाठ हलकेच टेकवा. चिकटली तर अजून थांबा. गुळगुळीत आणि कोरडी लागली तरच पुढे.

## टप्पा ६: पाण्याचा थेंब

सगळी कला इथे आहे, आणि सगळ्या चुकाही.

फडक्याची जागा बदला, स्वच्छ भाग बोटांवर घ्या. झाकणातल्या पाण्यात बोट बुडवून एक थेंब फडक्यावर टाका. फडकं ओलसर हवं, ओलं नको. गालाला लावलं तर गार लागावं, पाण्याचा ओघळ येऊ नये. मग पॉलिशचा आधीपेक्षाही कमी अंश घ्या आणि टोकावर एक थेंब पाणी सोडा.

आता गोल गोल, अगदी हलक्या हातानं. सुरुवातीच्या फेऱ्यांना नाण्याएवढी वर्तुळं, नंतर हळूहळू मोठी. दाब जितका जास्त तितकं खालचं मेण उचकटतं. लहान बाळाच्या गालावरून हात फिरवावा इतकाच जोर.

लक्ष फडक्याच्या ओढीकडे ठेवा. पहिल्या काही फेऱ्यांना फडकं अडखळतं, बोटाला ओढ लागते. फिरवत राहा. वीस-पंचवीस फेऱ्यांनंतर ती ओढ अचानक सुटते आणि फडकं घसरू लागतं. त्याच क्षणी वर्तुळाच्या मागे धुकं विरळ होतं आणि खालून काळं, खोल काहीतरी वर येतं. पहिल्यांदा हे बघणारा मुलगा हटकून थांबतो आणि वाकून बघतो. थांबायला हरकत नाही, पण बोट लावायचं नाही.

ओढ परत जाणवली तर पाणी कमी झालं, एक थेंब द्या. फडक्याखाली पाण्याचे मणी पळत असतील आणि मेण पसरतच नसेल तर पाणी जास्त झालं, फडक्याची कोरडी बाजू घ्या. थर पूर्ण झाला की दोन-तीन मिनिटं विश्रांती, मग पुढचा. प्रत्येक थराला पॉलिश आधीच्यापेक्षा कमी. गुळगुळीत चामड्याला असे सहा ते आठ थर पुरतात. मी दोन बूट आलटून पालटून करतो, म्हणजे हातही रिकामा राहत नाही आणि घाईही होत नाही.

थंडीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, डबीतलं मेण कडक होतं आणि फडक्यावर येत नाही. तेव्हा डबी दोन मिनिटं मुठीत धरा, तेवढी ऊब पुरते. २६ जानेवारीच्या परेडचे बूट करायला आपल्याकडे हा काळ सगळ्यात अनुकूल असतो: मेण झटकन बसतं, हात घामेजत नाहीत. उलट मे महिन्यात कपाळाचा घाम टपकन टोकावर पडतो. घामात मीठ असतं, त्याचा डाग थरात अडकतो. डोक्याला रुमाल बांधून बसा.

एक जुनी युक्ती: नवी डबी फारच मऊ वाटली तर एक रात्र झाकण उघडं ठेवून कपाटात ठेवा. थोडा द्रव उडून जातो आणि मेण घट्टसर होतं. आरशाच्या थरांना असं किंचित सुकलेलं पॉलिश जास्त चांगलं. म्हणूनच कडेनं सुकून भेगा पडलेली जुनी डबी टाकू नका, ती याच कामासाठी बाजूला ठेवा.

तपासा: बूट ट्यूबलाइटखाली धरा. टोकावर ट्यूबची जी रेघ दिसते ती बघा. रेघ थरथरल्यासारखी, फुटलेली दिसली तर छिद्रं अजून भरायची आहेत. ती सरळ आणि काठ स्पष्ट दिसले तर पुढच्या टप्प्याला जा.

## टप्पा ७: शेवटचा हात, फक्त पाण्याचा

अगदी स्वच्छ, न वापरलेलं फडकं घ्या. पॉलिश अजिबात नाही. गार पाण्याचा एक थेंब टोकावर, आणि जवळजवळ वजनच न देता मोठी वर्तुळं. वरचा उरलासुरला धुरकटपणा निघून जातो. फडक्यावर काळा डाग येऊ लागला तर दाब जास्त होतोय.

आता आरसा जिथे संपतो ती कड बघा. ती रेघ मारल्यासारखी दिसू नये. आधीच्या टप्प्यातल्या फडक्यावर उरलेल्या मेणाच्या अंशानं एक-दोन हलके थर घडीच्या दिशेनं विरळ करत न्या, म्हणजे चमक हळूहळू मंद होत बाजूच्या चामड्यात मिसळते.

सोलची कड विसरू नका. टोक आरशासारखं आणि खालची कड खरवडलेली, असं दिसलं की सगळी मेहनत उघडी पडते. टूथब्रशवर थोडं वॅक्स घेऊन कडेनं फिरवा आणि पुसून घ्या. लेस मळक्या असतील तर बदला.

## बिघडलं तर कुठे बघायचं

कितीही घासलं तरी धुरकट: पॉलिश जास्त झालं. नवीन पॉलिश बंद करा, पाच-सहा फेऱ्या नुसत्या पाण्यानं मारा. तरी उठलं नाही तर बूट दोन तास गार जागी ठेवून परत पाण्याचा हात द्या. मेण अजून मऊ होतं, एवढंच कारण असतं बरेचदा.

चिकट लागतंय: घाई झाली किंवा खोली गरम आहे. पहाटेपर्यंत सोडा.

गोल गोल बारीक चरे: धुळीचा कण किंवा फडक्याची सुरकुती. फडकं बदला, पाणी थोडं वाढवा, अत्यल्प पॉलिशचे दोन थर द्या. चरे खोल असतील तर त्या जागेपुरतं टप्पा २ पासून.

पांढरे ठिपके: पाण्यातले क्षार. आरओच्या पाण्यानं ओलसर फडकं फिरवलं की बहुतेक जातात. जात नसतील तर ते थराच्या आत अडकलेत, वरचे एक-दोन थर काढावे लागतील.

आरशात जाळीदार तडे: थर घडीवर आलाय, किंवा बूट आतून पोकळ असताना दाबला गेला. तडे भरण्याच्या नादाला लागू नका, तो भाग पुसून नव्यानं करा.

तपकिरी बुटाबद्दल एक सांगतो. रंग हमखास जुळत नाही, तेव्हा गडद छटेपेक्षा थोडी फिकट छटा घ्या. चुकून गडद बसलेला रंग परत उतरवणं फार जड जातं. काळ्या बुटावर बिनरंगी पॉलिशचे थर देऊ नका, खाचांत आणि शिवणीत ते पांढरट दिसतं.

## चमक टिकवायची तर

आरसा झालेला बूट लगेच पायात घालू नका, निदान दोन-तीन तास गार जागी राहू द्या. परेडचा दिवस असेल तर मैदानावर जाऊनच बूट घाला, घरून चप्पल. सोलापुरात आपण बहुतेक दुचाकीवर असतो, आणि मोटारसायकलच्या गिअरनं डाव्या बुटाच्या टोकावर ओरखडा पडतो. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या दहा जोड्यांत डावाच जास्त घासलेला असतो. गाडी चालवायचीच असेल तर डाव्या बुटावर जुना स्वच्छ मोजा चढवा आणि पोचल्यावर काढा. गाडीच्या डिकीत, उन्हात, बूट ठेवू नका. आतल्या उष्णतेनं मेण मऊ होतं आणि ज्या पिशवीत ठेवलेत तिची वीण टोकावर उमटते.

संध्याकाळी घरी आलात की कोरडं मऊ फडकं अगदी हलक्या हातानं फिरवून धूळ काढा. आरशावर ब्रश दाबून मारू नका. कपाटात ठेवताना जुन्या मऊ कापडाच्या पिशवीत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, पावसाळ्यात आत बुरशी धरते.

पुढच्या वेळी सगळं पहिल्यापासून करायची गरज नसते. पाण्यानं दोन हात आणि पॉलिशचा एखादा थर, पंधरा मिनिटांचं काम. पण थरावर थर अनंत चढवत जाऊ नका. आरशाला पिवळट किंवा राखाडी झाक आली, काठाला पापुद्रे सुटू लागले, की टप्पा २ करून चामड्याला परत क्रीम द्या. रोज घालण्याचा बूट असेल तर मी साधारण दोन-तीन महिन्यांनी हे करतो.

फडकी धुऊ नका. मेण मुरलेलं फडकं पुढच्या खेपेला पहिल्यापेक्षा चांगलं चालतं. ते आणि डबी एकाच स्टीलच्या डब्यात, धूळ लागणार नाही असे, झाकण घट्ट लावून, गॅसच्या शेगडीपासून लांब ठेवा. काळ्याचं आणि तपकिरीचं फडकं वेगळं. डब्यावर तसं लिहून ठेवा, म्हणजे घरातलं दुसरं कुणी उघडलं तरी गोंधळ होणार नाही.